जॉन जेकब आणि अप्पर सिंधची सरहद्द: दरारा की व्यवस्था?

प्रश्न असा आहे: ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करातला तोफखान्याचा एक साधा लेफ्टनंट अप्पर सिंधच्या, म्हणजे आजच्या पाकिस्तानातल्या उत्तर सिंधच्या, सरहद्दीचा सर्वेसर्वा कसा झाला, आणि १८४७ नंतर तिथली लुटालूट थांबली ती जॉन जेकबच्या दराऱ्यामुळे की त्याने बसवलेल्या व्यवस्थेमुळे?

माझं उत्तर व्यवस्थेच्या बाजूचं आहे, पण एक अट घालून. ती व्यवस्था एका ठरावीक प्रकारच्या जमिनीसाठी बेतलेली होती. ती जमीन सुटली की तिचे निम्मे पेच ढिले होतात. जेकबवर लिहिताना बहुतेक जण हीच अट विसरतात आणि मग 'एका माणसाने वाळवंट शांत केलं' अशी गोष्ट तयार होते.

आधी कारकीर्द, कारण व्यवस्थेचे तुकडे तिच्यातच सापडतात. जन्म ११ जानेवारी १८१२, सॉमरसेटमधल्या वूलाव्हिंग्टन गावचा, बाप तिथला पाद्री. अ‍ॅडिस्कंबच्या कंपनी कॉलेजातून बाहेर पडून १८२८ मध्ये, सोळाव्या वर्षी, मुंबई तोफखान्यात नेमणूक. इंग्लंड सोडलं ते कायमचं. पहिली वर्षं पलटणीत आणि गुजरातेत दुय्यम मुलकी कामावर गेली. १८३८ मध्ये अफगाण युद्धासाठी मुंबईची फौज सिंधमार्गे निघाली, तिच्यात तो होता. १८३९ मध्ये मेजर बिलामोरच्या तुकडीबरोबर तोफा घेऊन तो कच्छी प्रांतात आणि मरी-बुगटी टोळ्यांच्या डोंगरात गेला. (ही कच्छी म्हणजे बोलन खिंडीच्या पायथ्याचा सपाट मुलूख, गुजरातच्या कच्छशी तिचा संबंध नाही.) पुढे ज्या टोळ्यांशी गाठ पडणार होती त्यांचा मुलूख त्याने असा आठ वर्षं आधी पाहून ठेवला होता.

१८४१ मध्ये आउट्रमने त्याला सिंध इररेग्युलर हॉर्स या अनियमित घोडदळाची कमान दिली. हा आउट्रम आपल्याकडे खानदेशातल्या भिल्ल पलटणीमुळे माहीत आहे. लुटीवर जगणाऱ्या लोकांना चाकरीत घ्यायचं आणि त्यांच्याकडूनच मुलूख राखायचा, हा प्रयोग त्याने १८२५ पासून धरणगावच्या बाजूला केला होता. जेकबच्या डोक्यात ही कल्पना तिथूनच आली असा पुरावा मी मांडणार नाही, पण त्याला निवडणारा माणूस कोणत्या शाळेतला होता हे ध्यानात ठेवावं. १८४३ मध्ये जनरल चार्ल्स नेपियरने तिथल्या अमीरांकडून सिंध घेतला. १७ फेब्रुवारीच्या मियाणीच्या आणि २४ मार्चच्या दुब्बाच्या लढाईत जेकबचे स्वार होते, आणि जूनमध्ये शहदादपूरजवळ त्याने अमीर शेर मुहम्मदाच्या उरलेल्या फौजेचा मोड केला. नेपियरने त्याचं तोंडभर कौतुक केलं. पुढे सिंध घेणं योग्य होतं का यावरून नेपियर-आउट्रम वाद पेटला, जेकब उघडपणे आउट्रमच्या बाजूने लिहू लागला, आणि ते कौतुक आटलं.

आता सरहद्द. नेपियरच्या काळातली तिची अवस्था एका घटनेवरून कळते. डिसेंबर १८४६ मध्ये सुमारे १,५०० बुगटी ब्रिटिश ठाण्यांच्या मधून सिंधमध्ये शिरले, शिकारपूरपासून १५ मैलांपर्यंत आले, एक दिवस-रात्र राहिले आणि सुमारे १५,००० गुरं हाकून शिस्तीत परत गेले. ठाणी होती, शिपाई होते, तटबंदीही होती. बिघाड नेमका तटबंदीतच होता. संध्याकाळी गढीचा दरवाजा बंद झाला की आतली तुकडी सकाळपर्यंत निरुपयोगी. लुटारूंना दोन गढ्यांमधलं अंतर माहीत, दरवाजा कधी बंद होतो तेही माहीत. बातमी आत पोचायची, तिची शहानिशा व्हायची, मग खोगीर चढायचं. तोवर गुरं डोंगराच्या वाटेला लागलेली असत.

९ जानेवारी १८४७ ला जेकब आपले स्वार घेऊन खानगढला आला. तेव्हा तो कॅप्टन होता. पुढे लोकांनी त्याला 'जनरल जेकब' केलं, पण सरहद्द बसली ती कॅप्टन आणि मेजर या हुद्द्यांवर असताना. खानगढ म्हणजे एक मोडकी गढी आणि भोवती ओसाड पट. 'पट' हा तिथला शब्द: सपाट, कडक, बिनपाण्याची चिकणमाती. सिंधची लागवड आणि बलुच डोंगर यांच्यामध्ये हा पट्टा आडवा पडलेला आहे. सगळं गणित या पटावर बसलेलं आहे. लुटायला येणाऱ्याला तो ओलांडावाच लागतो, त्यासाठी ठरावीक विहिरी आणि पाणवठे गाठावे लागतात, आणि अशा जमिनीवर पन्नास घोड्यांचा माग झाकता येत नाही. परतीच्या वाटेवर तर गुरं असतात, म्हणजे वेग निम्म्यावर येतो.

जेकबने सगळ्यात आधी गढ्यांचा आसरा सोडला. ठाणी उघड्यावर, पटाच्या काठावर आणि काही पुढे पाणवठ्यांपाशी. ठाण्यांना कसलाही तट नाही. शिपायाला लपायला जागा नाही हे कळलं की तो बाहेर पाहू लागतो, असा त्यामागचा हिशेब होता. दोन ठाण्यांच्या मधली जमीन गस्तीने जोडलेली असे. बातमी मिळाली की वरिष्ठाच्या हुकुमाची वाट न पाहता जवळच्या ठाण्याने निघायचं, माग धरायचा आणि सोडायचा नाही. ठाण्याचा अंमलदार बहुतेक वेळा हिंदुस्थानी जमादार किंवा रिसालदार असे आणि हा निर्णय त्याच्यावर सोपवलेला असे. मुख्य ठाण्याकडे स्वार पाठवून हुकूम मागवला असता तर वीस-पंचवीस मैलांची फेरी झाली असती आणि माग थंड पडला असता.

वाट दाखवायला त्याने जखराणी आणि डोंबकी बलुचांना चाकरीत घेतलं. हेच लोक १८४५ पर्यंत लुटीत पुढे होते, आणि नेपियरने डोंगरातली मोहीम संपल्यावर त्यांना खानगढजवळ जानीडेऱ्याला जमीन देऊन बसवलं होतं. पण त्यांची हत्यारं आणि घोडे त्यांच्याकडेच राहिले होते, त्यामुळे ते बुगट्यांवर सूड म्हणून धाडी घालत आणि बुगटी उलटून सिंधवर येत. सरकारी बाजूने हे चालूही दिलं जाई, वर पकडून आणलेल्या बुगट्यामागे १० रुपये बक्षीस होतं. जेकबने बक्षीस बंद केलं. सूडाची धाड हा मित्राने केली तरी गुन्हाच, असं जाहीर केलं. मग हत्यारबंदी आली: सरकारी नोकर सोडून कोणीही, आपला असो की परका, लेखी परवान्याशिवाय हत्यार घेऊन फिरायचं नाही.

हत्यारबंदी हा या व्यवस्थेचा सगळ्यात नाजूक सांधा, आणि क्रम चुकला तर तो उलटतो. गस्त बसण्याआधी हत्यारं काढून घेतली असती तर गावकरी डोंगरवाल्यांच्या तोंडी गेले असते. म्हणून आधी राखणीची हमी दिसायला हवी होती. ती दिसली १ ऑक्टोबर १८४७ ला. जेकबच्या हाताखालच्या लेफ्टनंट मेरवेदरने १३३ स्वारांनिशी सुमारे ७०० बुगट्यांची टोळी मोकळ्या मैदानात गाठली. जेकबच्या अहवालानुसार सुमारे ५६० मारले गेले आणि १२० कैद झाले. जेकबच्या बाजूची हानी अगदी थोडी होती. या आकड्यांकडे पाहून 'शौर्य' लिहिणारे पुष्कळ आहेत. मला ती कत्तल वाटते: पायी, डोंगरापासून तुटलेली माणसं आणि त्यांच्यावर घोडदळ. पण त्यानंतर मोठी टोळी करून पटावर उतरायचं धाडस बुगट्यांना झालं नाही, हेही खरं. दराऱ्याचं म्हणणं मांडणाऱ्यांचा सगळा भर याच एका दिवसावर असतो. त्यांना एवढंच विचारावं की टोळी मैदानात गाठता आली ती कशामुळे? दरारा नंतरचा, आधी माग आणि गस्त.

हे सगळं ज्यांच्या जिवावर चाललं त्या स्वारांचा हिशेब पाहू. मराठी वाचकाला हा भाग सगळ्यात ओळखीचा वाटेल, कारण ही शिलेदारी पद्धत आहे, मराठा फौजेत पिढ्यान्‌पिढ्या चाललेली. शिलेदार आपला घोडा, आपलं हत्यार घेऊन येतो आणि ठोक पगार घेतो. ज्याचा घोडा नाही तो बारगीर, दुसऱ्याच्या घोड्यावर बसतो. एका सरदाराच्या नावावर अनेक घोडे असू शकतात. जेकबकडे स्वाराला दरमहा ३० रुपये मिळत. त्यातून दाणा, गवत, खोगीर, तलवार, बंदूक, कपडे आणि सामानाच्या तट्टातला वाटा, सगळं त्याचं त्याने भागवायचं. बंगालच्या इररेग्युलर घोडदळात त्याच कामाला २० रुपये होते, आणि जेकबची टीका नेमकी इथे होती. वीस रुपयांत घोडा पोसला जात नाही, स्वार सावकाराकडे जातो, कर्ज फिटत नाही, मग घोडा म्हाताराच ठेवला जातो, लढाईत तो जपला जातो, कारण घोडा मेला तर स्वाराचं भांडवलच बुडतं. कागदावर रेजिमेंट ८०० ची, कामाला येणारी त्याहून कितीतरी कमी.

तीस रुपये म्हणजे उदारपणा नव्हे. नियमित घोडदळाच्या रेजिमेंटमध्ये घोडा, साज, तबेला सगळं सरकारी असे आणि वर युरोपीय अधिकाऱ्यांची रांग, त्यामुळे माणशी खर्च पुष्कळ जास्त. इररेग्युलर रेजिमेंटमध्ये कमांडंट, त्याचा दुय्यम, अ‍ॅडज्युटंट आणि डॉक्टर, एवढेच युरोपीय. बाकी सगळा कारभार रिसालदार, जमादार, दफेदार यांच्याकडे. उघड्यावरच्या ठाण्याला स्वतः निर्णय घेणारा जमादार लागतो, आणि तो अशाच रेजिमेंटमध्ये तयार होतो. १८४६ मध्ये दुसरी रेजिमेंट उभी करायला परवानगी मिळाली आणि दोन्ही मिळून सुमारे १,६०० स्वार झाले. इतक्या लांब सरहद्दीला हे बळ फार नव्हे. गढ्यांत वाटलं असतं तर पुरलंच नसतं.

गस्तीने लूट थांबते, पण लुटीवर जगणारा माणूस खाणार काय? इथे कालवे येतात. सिंधचे तेव्हाचे कालवे पुराच्या पाण्यावर चालत: उन्हाळ्यात हिमालयातलं बर्फ वितळून सिंधू चढली की पाणी आत येतं, ओसरली की बंद. दर वर्षी गाळ बसतो आणि थंडीत तो काढला नाही तर पुढच्या हंगामात शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचत नाही. जेकबने बेगारी कालवा साफ करून रुंद केला आणि पटाच्या काठची पडीक जमीन लागवडीखाली आणली. हत्यारं गेलेले जखराणी खणायला आणि नांगर धरायला लागले. सुरुवातीला हे त्यांच्या इभ्रतीला लागलं, पण तोवर दुसरी वाट उरली नव्हती. खानगढची वस्ती वाढत गेली आणि १८५१ मध्ये डलहौसीच्या हुकुमाने गावाचं नाव जेकबाबाद झालं. तिथला उन्हाळा आजही ५० अंशांच्या वर जातो. अशा जागी वस्ती टिकली ती पाण्यामुळे.

हे सगळं एका माणसाच्या हाती कसं आलं? पदाचं नाव होतं पॉलिटिकल सुपरिंटेंडंट आणि कमांडंट. फौज, पोलीस, न्याय, महसुलाचा मोठा भाग, शेजारच्या टोळ्यांशी आणि बलुचिस्तानातल्या कलातच्या खानाशी बोलणी, सगळं एका टेबलावर. वरती कराचीचा कमिशनर, म्हणजे १८५० च्या दशकात बार्टल फ्रेअर, जो त्याआधी साताऱ्याला रेसिडेंट होता. त्याच्यावर मुंबई सरकार, कारण १८४७ मध्ये नेपियर गेल्यावर सिंध मुंबई इलाख्याला जोडला गेला होता आणि तो १९३६ पर्यंत तसाच राहिला. फ्रेअरने जेकबला मोकळा हात दिला, आणि १८५६ मध्ये फ्रेअर नसताना कमिशनरचं कामही जेकबनेच पाहिलं. हाती सगळं असल्याने निर्णय झटपट होत. पण तक्रार ऐकायला दुसरं कोणी नसे, आणि त्याच्यानंतर कोण, याचं उत्तरही नसे. 'माझी व्यवस्था कोणीही चालवू शकेल' असं तो सांगत राहिला, तरी सत्ता वाटून द्यायची वेळ आली की त्याची चिडचिड वाढे.

सरहद्दीपलीकडचा त्याचा हिशेब सरळ होता: टोळ्यांचा धनी कलातचा खान, तेव्हा बोलायचं त्याच्याशीच. १४ मे १८५४ चा मस्तुंगचा तह याच समजावर उभा आहे. खानाला सालिना ५०,००० रुपये, बदल्यात त्याने लुटी रोखायच्या, व्यापारी सांभाळायचे, गरज पडल्यास ब्रिटिश फौजेला आपल्या मुलखात येऊ द्यायचं. कागदावर चोख. अडचण अशी की डोंगरातले मरी-बुगटी खानाचं किती ऐकत, हे खानाच्या ताकदीवर अवलंबून होतं. नासीर खान १८५७ मध्ये वारला, खुदादाद खान गादीवर आला, आणि कलातमध्ये सरदार विरुद्ध खान अशी वर्षानुवर्षांची ओढाताण सुरू झाली. पटावरची गस्त त्याने ढासळली नाही; ढासळला तो तह.

१८५६ मध्ये जेकबने लॉर्ड कॅनिंगपुढे क्वेट्टा ताब्यात घेण्याची योजना ठेवली: बोलनच्या वरच्या तोंडाशी ठाणं, खालून रस्ता, रशियाची वाट आधीच अडवलेली. कॅनिंगने नकार दिला, कारण एवढ्या पुढच्या ठाण्याची रसद आणि परतीची वाट दोन्ही टोळ्यांच्या हातात राहिली असती. त्या वेळी तो नकार बरोबर होता असं माझं मत आहे. वीस वर्षांनी पंजाब सरहद्दीवरचा अधिकारी सँडमन याने ते केलं, पण वेगळ्या पायावर.

१८५७ च्या मार्चमध्ये जेकब इराणच्या मोहिमेवर गेला. बुशहरला जनरल स्टॉकर आणि आरमाराचा कमोडोर एथर्सी या दोघांनी काही दिवसांच्या अंतराने आत्महत्या केली होती, आणि तिथली फौज त्याच्या हाती आली. तो तिथेच अडकला आणि हिंदुस्थानात बंड पेटलं. मध्य हिंदुस्थानच्या फौजेसाठी त्याचं नाव आलं होतं, पण बुशहर सोडता येईना आणि ते काम ह्यू रोजकडे गेलं. झाशी आणि काल्पीपर्यंत रोज काय करत गेला हे मराठी वाचकाला सांगायला नको. सरहद्द त्या काळात मेरवेदरने सांभाळली, आणि व्यवस्था माणसाविना चालते का याची ती खरी परीक्षा. चालली, पण डाग न लागता नाही: दर्याखान जखराणी आणि दिलमुराद खोसो हे प्रमुख कटाच्या संशयावरून पकडले गेले. दहा वर्षं सरकारचे सोबती मानलेले लोक हे. म्हणजे शांतता मान्य होती, राज्य मान्य होतंच असं नाही.

बंगालच्या पलटणी एक दिवस उलटतील असं जेकब १८५० पासून लिहीत होता आणि त्यासाठी सरकारची कानउघाडणीही ओढवून घेतली होती. हे वाचून तो देशी शिपायाचा कैवारी होता असं समजू नये. युरोपीय माणूस मुळातच वरचढ, म्हणून थोडे पण निवडक युरोपीय ठेवा आणि त्यांचा शब्द अंतिम माना, हे त्याचं सूत्र होतं. जमादाराला निर्णयाचा अधिकार देणारा आणि हे सूत्र मांडणारा माणूस एकच आहे. यातला एक अर्धा गाळला की चित्र खोटं होतं. फावल्या वेळात तो घड्याळं आणि बंदुका बनवी. त्याची दुनळी रायफल चार खोल आट्यांची (नळीच्या आतल्या पिळदार खाचांची) होती, गोळीला त्या आट्यांत बसणारे उंचवटे, आणि नेम २,००० यार्डांपर्यंत. याच रायफलीसाठी १८५८ मध्ये जेकब रायफल्स ही पायदळ पलटण उभी राहिली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो जेकबाबादेत वारला, वय ४६.

आता जमिनीची अट. पंजाबच्या सरहद्दीवर, डेरा गाझी खानपासून पेशावरपर्यंत, डोंगर थेट लागवडीला येऊन टेकतात. मध्ये पट नाही. घोडदळाला माग धरायला मैदान नाही, लुटारू तासाभरात दरीत गडप. म्हणून पंजाबचे ब्रिटिश अधिकारी नाकेबंदी, टोळीची सामुदायिक जबाबदारी आणि जिरगा (टोळीतल्या वडीलधाऱ्यांची पंचायत) यांवर विसंबले. जेकब त्यांना ढिसाळ म्हणे, ते त्याला हट्टी म्हणत. दोघांचंही आपापल्या जमिनीपुरतं बरोबर होतं. खरी गोची मरी-बुगट्यांची, कारण ते दोन्हीकडे उतरत: सिंधकडे पट, पंजाबकडे डोंगर. एकीकडे दार बंद झालं की ते दुसरीकडे जात. हा गुंता सोडवायला १८७१ मध्ये मिठणकोटला परिषद भरली आणि डेरा गाझी खानचा सँडमन या टोळ्यांपुरता सिंधच्या सुपरिंटेंडंटच्या हाताखाली आला. सँडमन थेट टोळीप्रमुखांशी बोले आणि त्यांच्याच माणसांना पगारावर राखणीला ठेवी. मेरवेदर तेव्हा सिंधचा कमिशनर होता, जेकबच्या तालमीतला, आणि 'खानाला डावलायचं नाही' यावर अडून बसला. ८ डिसेंबर १८७६ च्या तहात खानाची रक्कम सालिना एक लाख झाली, ब्रिटिश फौज कायमची आत आली आणि सँडमनची सरशी झाली. तो तह ज्या गावी झाला ते गाव मात्र जेकबाबादच.

या विषयावर कागद चाळायला बसणाऱ्यांनी काही खाचखळगे आधीच माहीत करून घ्यावेत. मुंबईच्या पुराभिलेखागारात सिंधचे कागद मुंबई इलाख्याच्या राजकीय आणि महसुली विभागांत शोधावेत. १८५१ पूर्वीच्या कागदांत जेकबाबाद हे नाव येणार नाही, खानगढ पाहावं, आणि पंजाबात मुझफ्फरगढजवळही एक खानगढ आहे हे विसरू नये. त्याहून मोठा घोळ आडनावाचा. सावंतवाडी आणि १८५७ च्या कोल्हापूर प्रकरणातला जेकब म्हणजे जॉर्ज ल ग्रांड जेकब, जॉनचा चुलतभाऊ. पुण्यात १८४२ मध्ये खासगी वेधशाळा काढणारा आणि १८६२ मध्ये पुण्यातच वारलेला जेकब म्हणजे विल्यम स्टीफन, जॉनचा सख्खा धाकटा भाऊ. तिघेही कंपनीच्या मुंबई लष्करातले, त्यामुळे नुसत्या 'कॅप्टन जेकब' या उल्लेखावर विसंबून तारीख किंवा ठिकाण ठरवू नये. हाताखालची पलटण आणि पत्राचा मुक्काम पाहूनच ठरवावं. आणि लुटींचे, मेलेल्यांचे, परत मिळालेल्या गुरांचे आकडे जवळजवळ सगळे जेकबच्याच अहवालांतून आलेले आहेत. बुगट्यांच्या बाजूचा कागद नाही. म्हणून आकडा देताना 'जेकबच्या अहवालानुसार' हे शब्द गाळू नयेत, आणि शक्य तिथे तो आकडा शिकारपूरच्या कलेक्टरच्या त्याच वर्षीच्या कागदांशी ताडून पाहावा.